कुंभार्लीची फियाट

कराडहून चिपळूणला जायचा रस्ता शंभरेक किलोमीटरचा. त्यातला मोठा भाग कोयनेच्या प्रवाहाच्या उलट्या दिशेनं जातो. विजयनगर, मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण. पाटण मागे पडलं की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ सरकतात, ऊस विरळ होतो आणि भाताची खाचरं दिसू लागतात. हेळवाकला उत्तरेकडून आलेली कोयना काटकोनात वळून पूर्वेला लागते. नदीच्या त्या कोपऱ्यावर कोयनानगरचा फाटा सोडायचा, पश्चिमेला निघायचं, की थोड्याच वेळात कुंभार्लीचा घाटमाथा. तिथून जमीन एकदम खाली जाते. खाली पोफळी, शिरगाव, अलोरे, खेर्डी आणि मग बहादूरशेख नाका.

या घाटाचं प्रत्येक वळण मला फियाटच्या गिअरमध्ये पाठ आहे. तिसरा कुठं सोडायचा, दुसऱ्यावर कुठं आणायची, इंजिन गार करायला कुठं थांबायचं आणि तिथं झऱ्याचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, हे सगळं. गाडी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. आमच्या घरात, आळीत आणि गॅरेजात तिला सगळे फियाटच म्हणायचे.

ऑगस्ट २०२१ च्या पहिल्या आठवड्यात मी या रस्त्यानं दुसऱ्याच्या जीपमधून चिपळूणला गेले. जीपमध्ये मागे भाकऱ्यांची गाठोडी, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचे कॅन, खराटे, फावडी आणि धुतलेल्या साड्या होत्या. आमच्या गल्लीनं गोळा केलेलं सामान. २२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठी चिपळूण शहरात शिरली होती, आणि आमची फियाट तेव्हा बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, मेस्त्रींच्या गॅरेजात उभी होती.

तो प्रवास सोपा नव्हता. त्याच पावसात आमच्या पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या होत्या, माणसं गाडली गेली होती. पलीकडे महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेलं होतं. हेळवाकजवळ रस्त्याच्या कडेला चिखलानं लडबडलेल्या गाद्या वाळत घातलेल्या दिसल्या. मिरगावची माणसं कोयनानगरच्या शाळेत आसऱ्याला होती, त्यांच्यासाठी काही भाकऱ्या आम्ही तिथं उतरवल्या. अशा रस्त्यानं जाताना एका जुन्या मोटारीबद्दल तोंडातून शब्द काढवत नव्हता. जीपमधल्या कुणालाच मी बोलले नाही की मला गाडी बघायची आहे. पण पोटात तेच होतं.

बाबा कोयना प्रकल्पात कनिष्ठ अभियंता होते आणि आमची वसाहत अलोऱ्याला होती. सह्याद्रीच्या या कुशीत पाण्याचा प्रवास मोठा विलक्षण आहे. धरण अडवतं ती कोयना पूर्ववाहिनी. पण तिचं पाणी बोगद्यांनी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेऊन पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडतात. तेच पाणी कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडवून अलोऱ्याला दुसऱ्यांदा वीज काढतात, आणि मग ते वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीकडे जातं. बाबा सुट्टीच्या दिवशी आम्हाला हे कागदावर रेघोट्या मारून समजवायचे. आमच्या घरात फियाट आली ती या वसाहतीत, भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या कर्जावर आणि नंबर लागण्याची कितीतरी वर्षं वाट बघून.

तेव्हा मारुती ८०० रस्त्यावर येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वसाहतीतले सगळे बाबांना सांगत होते की आता फियाट घेणं म्हणजे शिळं घेणं. बाबांनी बुकिंग मोडलं नाही. त्यांचं कारण एका वाक्याचं होतं: "ही घाटात बंद पडली तर का पडली ते मला कळेल." मी तेव्हा शाळेत होते, मला ते उत्तर अपुरं वाटलं. पुढं गाडी माझ्या हातात आल्यावर ते पुरतं समजलं.

फियाट इटलीची असली तरी आमची पद्मिनी कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. ज्या माणसानं विशाखापट्टणमला जहाजाची गोदी आणि बंगळूरला विमानाचा कारखाना उभारायला घेतला, त्याला देशात मोटार बनत नाही ही गोष्ट सहन होणं शक्यच नव्हतं. सुरुवातीला कुर्ल्याला डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पन्नाशीच्या दशकात फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, मध्ये थोडा काळ प्रेसिडेंट हे नाव लागलं आणि १९७४ पासून पद्मिनी. तीच चौकोनी अंगाची गाडी, तेच १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्तीची. एवढ्या ताकदीवर आई, बाबा, आम्ही तीन भावंडं, आजी आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन ती कुंभार्ली चढायची.

पुढची सीट सलग, बाकासारखी. मी लहान असताना बाबा आणि आईच्या मध्ये बसायचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला असल्यामुळे मधल्या माणसाच्या पायात काही येत नसे. हँडब्रेक डॅशबोर्डखाली, छत्रीच्या मुठीसारखा, ओढून फिरवायचा. दाराच्या पुढच्या कोपऱ्यात तिकोनी काच, ती वळवली की घाटातला वारा थेट चेहऱ्यावर. थंडीच्या सकाळी चोक ओढायचा, एकदाच पायानं पेट्रोल द्यायचं आणि मग किल्ली. दोनदा पाय दाबला तर इंजिन पेट्रोल पिऊन बसायचं, मग बॉनेट उघडून प्लग काढा, पुसा, पॉलिश पेपर मारा. या गाडीकडून काम करून घ्यायचं तर तिच्या सवयी मानाव्या लागत. त्या मानल्या की ती कधी मागे हटत नसे.

घाट उतरायला बाबांनी शिकवलं. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम. फियाटच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. सारखा पाय ठेवला तर ते तापतात, लायनर जळल्याचा वास येतो आणि ऐनवेळी पेडल नुसतं खाली जातं. म्हणून वजन इंजिनावर टाकायचं. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत राहतं, गाडी स्वतःला आवरते, आणि पाय ब्रेकवर फक्त वळणाच्या तोंडाशी जातो. माझ्या पहिल्या उतरणीला बाबा शेजारी बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून, मुद्दाम खिडकीबाहेर बघत. पोफळीला पोचल्यावर त्यांनी चाकाच्या वाटीला बोट लावून पाहिलं. ती कोमट होती. ते काही बोलले नाहीत, पण चहा त्यांनी पाजला.

चढण मात्र वेगळं प्रकरण. मे महिन्यात दुपारी पोफळीहून वर निघालं की इंजिनाचा ताप पेट्रोल पंपापर्यंत जातो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी चालता चालता गुदमरते. कोकणातून येणाऱ्या फियाटवाल्यांना हे नवीन नव्हतं. कडेला घ्यायची, मागच्या चाकाला दगड लावायचा, बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि बसायचं. आमच्याकडे त्यासाठी आईच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा डिकीत कायम असे. गुहागरहून आणलेल्या हापूसच्या पेट्यांचा वास, गरम लोखंडाचा वास, आणि खाली दरीत कोळकेवाडीचं पाणी चमकत असलेलं. आजी अशा वेळी पिशवीतून डबा काढायची. फडकं दोनदा भिजवून झालं की गाडी एका किल्लीत चालू. त्या थांबण्यांमुळे आमचा प्रवास लांबायचा आणि घरात कुणाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. आज घाट चढायला किती मिनिटं लागली हे लोक अभिमानानं सांगतात. मला घाटात थांबलेली ती दुपार जास्त मोलाची वाटते, कारण कुंभार्ली मी तेव्हाच नीट पाहिला: करवंदाच्या जाळ्या, ऐनाची खोडं, ढगाची सावली उतरणीवरून सरकत जाणं.

आता भरवशाची गाडी म्हणजे काय, याबद्दल माझं मत सांगते. हल्लीच्या गाड्या क्वचितच बंद पडतात, आणि पडल्या की आपण फोन घेऊन ट्रकची वाट बघत उभे. फियाट बंद पडायची. फॅन बेल्ट तुटायचा, पॉइंट काळे पडायचे, कार्ब्युरेटरमध्ये कचरा यायचा. पण तिच्या प्रत्येक आजाराला नाव होतं, त्या नावाला औषध होतं, आणि औषध डिकीतल्या हत्यारांच्या पेटीत किंवा पुढच्या गावातल्या कुणाच्या तरी हातात असायचं. बाबांनी एकदा पाटणच्या अलीकडे कंडेन्सर बदलला तो टॉर्च तोंडात धरून. मी नंतर एकटी असताना बेल्ट बदलला, पावसात, हेळवाकच्या एका चहावाल्यानं धरलेल्या ताडपत्रीखाली. या गाडीनं आम्हाला रस्त्यावर थांबवलं, पण घरी पोचवलं नाही असं एकदाही झालं नाही. भरवसा म्हणतात तो हा.

त्या भरवशाचा दुसरा खांब म्हणजे चिपळूणचे मेस्त्री. अलोऱ्याला असताना सगळ्यात जवळचं गॅरेज त्यांचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हाताखाली काम करणारे पोरगेलेसे होते, नंतर गॅरेज त्यांचंच झालं. बाबा निवृत्त होऊन आम्ही कराडला आलो, कराडात फियाटची कामं करणारे चांगले लोक होते, तरी मोठं काम असलं की गाडी घाट उतरून मेस्त्रींकडेच जायची. ते बाबांना साहेब म्हणत, मला ताई. गाडी गॅरेजच्या कोपऱ्यावर वळली की आतूनच ओरडून सांगत, "ताई, टॅपेट वाजतायत." २००० सालापासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्या शिशामुळे जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजण्यापासून वाचत असत, म्हणून तेव्हापासून मेस्त्री दर खेपेला टॅपेटची गॅप फीलर गेज घालून स्वतः बघायचे. त्याच सुमाराला पद्मिनीचं उत्पादन थांबलं. पार्ट मिळणं अवघड होत गेलं. मग पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईला ऑपेरा हाउसजवळच्या दुकानांत, कुर्ल्याच्या भंगारात शोधून मेस्त्री किंगपिन आणायचे, बुश आणायचे, कधी जुन्या टॅक्सीचा अख्खा गिअरबॉक्स. प्रत्येक वस्तू कागदात गुंडाळून, वर पेन्सिलनं लिहून मांडणीवर ठेवलेली. अशी मांडणी मी एखाद्या जुन्या वैद्याकडे पाहिली असती तर नवल वाटलं नसतं.

बाबा गेल्यावर गाडी विकावी असं धाकट्या भावाचं म्हणणं होतं. मी ठेवून घेतली. शाळेतल्या नोकरीत मला रोज गाडी लागत नव्हती. पण दिवाळीनंतर आणि आंब्याच्या दिवसांत कुंभार्ली उतरून गुहागरला जायचं, येताना मेस्त्रींकडे थांबायचं, हा माझा रिवाज झाला. चिपळूणहून गुहागरकडे जाताना मार्गताम्हाणे, शृंगारतळी, मग एकदम सुरूच्या रांगा आणि त्यामागे समुद्र. फियाट सावलीत लावायची, व्याडेश्वराला जाऊन यायचं आणि संध्याकाळी किनाऱ्यावर. खाऱ्या वाऱ्यानं पत्र्याला गंज धरतो हे मेस्त्री दरवेळी बजावायचे, म्हणून परतताना चिपळुणात गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवायची. तेही ठरलेलं.

२०२१ हे तिचं पस्तिसावं वर्ष. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून वाढवून घ्यावी लागते. २००१, २००६, २०११, २०१६ अशी ती दरवेळी पास झाली होती. आता पुन्हा पाळी होती आणि खालचा पत्रा ठिकठिकाणी कुजला होता. जूनमध्ये कोरोनाचे निर्बंध जरा सैल झाल्यावर मी गाडी मेस्त्रींकडे नेऊन ठेवली. मागच्या सीटखालची जमीन कापून नवा पत्रा मारायचा, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बदलायच्या, मग रंग. रंग तोच, मोतिया.

चिपळूण पुराला नवखं नाही. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली हे सगळ्यांना आठवतं. त्याच पावसात चिपळूणही बुडालं होतं. मेस्त्रींच्या गॅरेजच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ तेलकट रंगानं मारून ठेवलेली होती. त्या रेघेच्या वर येईल असा सिमेंटचा उंच कट्टा त्यांनी नंतर बांधून घेतला होता, आणि पावसाळ्यात ज्या गाड्यांचं काम उघडं पडलेलं असेल त्या ते लोखंडी फळ्यांवरून कट्ट्यावर चढवून ठेवत. आमची फियाट कट्ट्यावर होती. माणसानं जेवढी काळजी घ्यायची तेवढी त्यांनी घेतली होती. २००५ ची रेघ हेच शहराचं माप होतं, आणि २०२१ चं पाणी ते माप ओलांडून गेलं. घाटमाथ्यावर आणि खाली कोसळणारा पाऊस, भरलेली वाशिष्ठी, शिव नदीचा फुगवटा आणि खाडीतून येणारी भरती. पाण्याला समुद्राकडे जायला वाट उरली नाही.

खेर्डीपासूनच वास सुरू झाला. चिखल, सडलेलं धान्य, डिझेल. रस्त्याच्या दोन्ही कडांना दुकानांतला माल ढिगानं पडलेला: कापडाचे तागे, औषधांची खोकी, फुगलेली वह्या-पुस्तकं, फ्रिज. १८६४ सालापासूनचं चिपळूणचं ग्रंथालय, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, तेही पाण्यातून सुटलं नव्हतं. बाजारपेठेत गाड्या एकमेकांवर चढलेल्या. लोक बोलत कमी होते, फावड्यांचे आवाज सगळीकडे. आम्ही जीप नाक्यावर लावून सामान डोक्यावर घेऊन आत गेलो.

मेस्त्री गॅरेजच्या दारात बसून बादलीतल्या रॉकेलमध्ये पाने धूत होते. एकेक पाना धुऊन गोणपाटावर ओळीनं मांडत होते. मला बघून उठले.

"ताई, पाणी आणलंय का प्यायचं?"

मी कॅन दिला. ते आत गेले, घरातल्या माणसांना पाजून आले. पाणी पहाटे आलं तेव्हा सगळे शेजारच्या माडीवर गेले, दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथंच होते, सगळे जिवंत. ते ऐकून मी खाली बसले. मग त्यांनीच म्हटलं, "चला, गाडी बघा."

फियाट कट्ट्यावर नव्हती. पाण्यानं ती उचलली, तरंगवत आडवी फिरवली आणि पाणी उतरल्यावर तोंड भिंतीकडे, मागचं एक चाक कट्ट्यावर अडकलेलं अशी ठेवून दिली होती. टपावर गाळाचा थर. तिकोनी काच शाबूत. आतमध्ये सीटच्या वरपर्यंत मऊ, काळा गाळ बसलेला, आणि त्यात मांडणीवरच्या त्या कागदी पुड्या, पेन्सिलनं लिहिलेल्या, लगदा होऊन पडलेल्या. माझं लक्ष गाडीपेक्षा त्या पुड्यांकडे गेलं. एका माणसानं वीस वर्षं वेचून जमवलेलं सगळं तिथं होतं.

त्या दिवशी आम्ही गाडीला हात लावला नाही. घरं धुतली, भाकऱ्या वाटल्या आणि अंधाराच्या आत घाट चढून परत आलो. गाडीचं पुढं काय, हे बघायला मी महिनाभरानं पुन्हा गेले, या वेळी एसटीनं. तोवर मेस्त्रींनी इंजिन उघडलं होतं. बुडालेल्या गाडीला किल्ली मारायची नाही हा पहिला नियम; सिलिंडरमध्ये पाणी असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांनी प्लग काढून, दुधाळ झालेलं तेल सोडून, डिझेलनं दोनदा धुऊन, पंखा हातानं फिरवून पाहिला होता. इंजिन फिरलं. माझ्यासमोर त्यांनी पुन्हा फिरवून दाखवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या सगळ्या महिन्यात पहिल्यांदा आलेलं समाधान असावं असं मला वाटलं.

मग ते म्हणाले, "इंजिन वाचेल ताई. गाडी नाही वाचायची."

कारण साधं आणि पक्कं होतं. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते. वरचं सगळं गेलं तरी चासीवर नवं उभं करता येतं. फियाटला तशी चासी नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा, आणि सगळा भार दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर. त्या पट्ट्या बदलण्यासाठी उघडलेल्या होत्या. त्यात गाळ आतपर्यंत जाऊन सिमेंटसारखा बसला होता, खाऱ्या भरतीचं पाणी मिसळलेला. मेस्त्रींनी पाना घेऊन पट्टीवर हळूच ठोकलं, आणि पत्र्याचा तुकडा पापुद्र्यासारखा सुटला. नवा सांगाडा कुठून आणणार? कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली होती. मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. जो माणूस किंगपिनसाठी मुंबईचं भंगार पालथं घालायचा, तो नाही म्हणाला म्हणजे नाही.

विम्याचा प्रश्न नव्हता. एवढ्या जुन्या गाडीला तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरताच विमा होता. नोंदणी रद्द करण्यासाठी चासी नंबर कोरलेला पत्र्याचा तुकडा कापून परिवहन कार्यालयात जमा करायचा होता. नंबर 'एमएच' सुरू व्हायच्या आधीचा, तीन अक्षरांचा. तुकडा मेस्त्रींनी स्वतः कापला, मशीन न वापरता हाताच्या करवतीनं, कारण मशीनच्या ठिणग्यांनी आकडे काळे पडले असते. उरलेलं शरीर भंगारवाल्याच्या टेंपोत गेलं. मी तिथं उभी राहिले, शेवटपर्यंत. बाबांच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस, पुढचे दोन ड्रम आणि ती तिकोनी काच मी मेस्त्रींकडेच ठेवली. त्यांच्या देखरेखीखाली अजून दोन फियाट होत्या, एक गुहागरकडच्या निवृत्त डॉक्टरांची. त्या गाडीचं इंजिन धूर टाकू लागलं तेव्हा आमचं इंजिन रिबोअर करून तिच्यात बसवलं. रीतसर कागद करून, आरसीवर इंजिन नंबर बदलून. डॉक्टर पैसे देत होते, मी ते मेस्त्रींना नवी हत्यारं घ्यायला द्यायला सांगितले. गेल्या वर्षी मी एसटीनं गुहागरला गेले होते. शृंगारतळीजवळ ती गाडी समोरून गेली. आवाज मला ओळखू आला, टॅपेटची गॅप बरोबर होती.

कुंभार्ली मी आता बहुतेक एसटीनं उतरते. एसटीचे चालक अजूनही तोच नियम पाळतात, गिअरमध्ये उतरवतात, हे बघून बरं वाटतं. रस्ता पूर्वीपेक्षा रुंद झाला आहे, वाहनं वाढली आहेत, आणि ओलं फडकं टाकून थांबलेली मोटार आता घाटात दिसत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेली होती; टॅक्सीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेप्रमाणे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली. म्हणजे पार्ट मिळण्याचा शेवटचा मोठा साठाही आता भंगारात जातो आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना एकच विनंती. तुमच्या वाड्यात, आंब्याखाली किंवा इमारतीच्या मागे एखादी फियाट वर्षानुवर्षं उभी असेल, तर किलोच्या भावानं देण्याआधी तुमच्या भागातला जुना मेस्त्री शोधा. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, स्टिअरिंगचा गिअरबॉक्स, किंगपिन, काचा, दारांची हँडल, एवढं तरी त्याच्याकडे पोचवा. ज्यांच्या फियाट अजून चालतात, त्यांना या वस्तू पैसे देऊनही मिळत नाहीत.